टाच कुठे गेली? प्राण्यांच्या आणि माणसाच्या पावलांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळांमधून प्राण्यांचे ठसे ओळखण्याचे तास घ्यायला लागल्यापासून काही प्रश्न हटकून येतात. आधी मुलं विचारतात, मग रात्री त्यांचे आईबाबा व्हॉट्सॲपवर विचारतात. तीच उत्तरं पुन्हा पुन्हा टाइप करून कंटाळलो, म्हणून एकदाच इथे लिहून ठेवतोय. पहिला प्रश्न तेवढा आधी वाचा. बाकीचे कुठूनही वाचले तरी चालतील.

१. कुत्र्याचा मागचा गुडघा आपल्यापेक्षा उलटा का वाकतो?

वाकत नाही. तुम्ही ज्याला गुडघा म्हणताय, ती त्याची टाच आहे.

घरात कुत्रं असेल तर ते कुशीवर लोळलेलं असताना त्याच्या कमरेपासून हात हळूहळू खाली आणा. आधी मांडी लागते, जाड आणि पोटाला चिकटलेली. मांडी संपते तिथे पुढे वाकणारा सांधा आणि त्यावर हलणारी छोटी वाटी. हा खरा गुडघा, आपल्यासारखाच पुढे वाकणारा. तो पोटाजवळच्या सैल कातडीत आणि केसांत लपतो, म्हणून नजरेत भरत नाही. तिथून खाली नडगी, आणि नडगीच्या शेवटी मागे आलेलं टोकदार हाड. त्या टोकाच्या जरा वर चिमटीत धरता येईल अशी ताठ दोरी लागेल. आता तोच हात स्वतःच्या टाचेच्या वर लावा. तीच दोरी.

म्हणजे त्या टोकापासून जमिनीपर्यंत जो भाग आपल्याला 'पायाचा खालचा अर्धा' वाटतो, तो त्याचा उभा झालेला तळपाय आहे. कुत्रं जन्मभर चवड्यावर चालतं. पटत नसेल तर आरशासमोर बाजूने उभे राहा, टाचा जमतील तेवढ्या उचला आणि गुडघे थोडे वाकवा. आरशात कुत्र्याचा मागचा पाय दिसेल, फक्त आपला तळपाय त्या मानाने आखूड.

२. मग पाऊल टेकवण्याचे प्रकार तरी किती?

ढोबळमानाने तीन. पूर्ण तळवा टेकवून चालणारे: माणूस, अस्वल, उंदीर, साळिंदर. बोटांवर चालणारे: कुत्रा, मांजर, वाघ, बिबट्या, तरस आणि सगळे पक्षी. आणि बोटाच्या टोकावर, म्हणजे नखावर चालणारे: घोडा, गाय, म्हैस, शेळी, हरीण. हे नख वाढून बोटाला टोपीसारखं बसलं की त्याला आपण खूर म्हणतो. इंग्रजी माध्यमातल्या मुलांच्या पुस्तकात हेच प्रकार प्लँटिग्रेड, डिजिटिग्रेड आणि अंग्युलिग्रेड या नावांनी येतात.

पहिल्या प्रकारात टाच जमिनीला, दुसऱ्यात हवेत, तिसऱ्यात आणखी वर. घोड्याची टाच आपल्या गुडघ्याच्याही वर असते. निसर्गाने या तीन प्रकारांत पक्क्या भिंती घातलेल्या नाहीत, त्यामुळे कोणत्याच खान्यात नीट न बसणारे बरेच आहेत. त्यांच्यासाठी प्रश्न ११ पाहा.

३. आणि पुढचे पाय? घोड्याच्या पुढच्या पायाला तर गुडघा दिसतो.

घोडेवालेही त्याला गुडघाच म्हणतात, पण ते मनगट आहे. कोपर त्याच्याही वर, छातीला लागून असतं. गाय उठताना आधी मागचा भाग उचलते आणि क्षणभर पुढच्या 'गुडघ्यांवर' टेकून राहते. तेव्हा ती खरं तर दोन्ही हात मनगटात दुमडून त्यांच्यावर भार देऊन असते.

पोळ्याला किंवा बेंदराला मुलं मातीचे बैल करतात तेव्हा ही गंमत हमखास दिसते. चारही पाय सरळ खांबांसारखे, किंवा मग पुढचे आणि मागचे एकाच दिशेने वाकलेले. ज्याच्या घरी गोठा आहे ते पोर मात्र मागच्या पायाला न सांगता बरोबर कोन देतं. त्याला टाचेबिचेचं काही माहीत नसतं, पण रोज बघितलेलं असतं.

४. मटण-चिकन खाताना हे ओळखता येतं का?

येतं की! माझ्या तासातला सगळ्यात लक्षात राहणारा भाग हाच असतो, शाकाहारी घरांतल्या मुलांची माफी मागून.

कोंबडीची तंगडी म्हणजे तिची नडगी आणि पोटरी. तंगडीत मोठ्या हाडाला लागून सुईसारखं बारीक हाड असतं ना, घशात जाईल म्हणून आई काढायला लावते ते? आपल्या नडगीच्या बाहेरच्या बाजूलाही तसंच एक हाड आहे. तंगडीच्या वरचा मांसल तुकडा ही मांडी. आणि दुकानदार सुरीच्या एका घावात उडवतो तो पिवळा, खवल्याखवल्यांचा 'पाय' म्हणजे तळपाय आणि बोटं. सुरी बरोबर घोट्यातून जाते.

शेळी-बोकडाच्या पायाचं तसंच. पाया सूपमधलं लांब, सरळ हाड नडगीचं नसतं. ते तळपायाचं किंवा तळहाताचं हाड आहे. नीट निरखलंत तर मधोमध एक खाच दिसेल आणि खालच्या टोकाला दोन वेगळ्या गोलाया दिसतील. मूळची दोन हाडं जुळून एक झाल्याची ती खूण. दोन गोलायांवर दोन बोटं, दोन बोटांवर दोन खुरं.

५. टाच जमिनीवरून उचलून प्राण्यांनी काय मिळवलं?

लांबी. तळपाय उभा केला की पायाला एक जास्तीचा भाग मिळतो आणि टांग लांब पडते. शिवाय स्नायूंचे गोळे वर, मांडीपाशी राहतात आणि खाली फक्त हाड, स्नायुबंध (प्रश्न १ मधली दोरी त्यातलीच) आणि खूर उरतं. पायाचं टोक हलकं असलं की तो झटकन पुढे आणता येतो. बॅटच्या टोकाला वीट बांधून फिरवून बघा, म्हणजे मुद्दा कळेल. पळताना लांब स्नायुबंध रबरासारखे ताणले जातात आणि साठलेला जोर पुढच्या उडीला परत देतात.

या वाटेवर घोडा सगळ्यात पुढे गेला. सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीच्या त्याच्या पूर्वजांना पुढच्या पायाला चार आणि मागच्याला तीन बोटं होती. आज प्रत्येक पायावर एकच उरलंय, मधलं. शेजारच्या दोन बोटांची आठवण म्हणून तळपायाच्या हाडाला चिकटलेल्या दोन बारीक काड्या राहिल्यात.

याची किंमतही मोजावी लागली. घोड्याला त्या पायाने काही धरता येत नाही, झाडावर चढता येत नाही, आणि पाय मोडला तर तीन पायांवर ते धूड पेलणं त्याला फार जड जातं.

६. मग माणूस मागासलेला म्हणायचा का? आपण अजून टाच टेकवतोच आहोत.

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. पळण्याच्या शर्यतीत आपण मागे, हे मान्य. गल्लीतलं मांजरही आपल्याला हरवेल. चालण्याचा हिशेब मात्र वेगळा आहे.

अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात डेव्हिड कॅरियर आणि सहकाऱ्यांनी लोकांना तीन तऱ्हांनी चालवून त्यांना किती ऊर्जा लागते ते मोजलं. २०१० साली ते प्रसिद्ध झालं. टाच आधी टेकवून चालण्यापेक्षा टाच थोडी उचलून चालायला ५३ टक्के जास्त ऊर्जा लागली, आणि पार बोटांवर चालायला ८३ टक्के जास्त. पळताना मात्र टाच टेकवली काय, न टेकवली काय, फरक पडला नाही. आपला पाय चालण्यासाठी घडलाय असं मी मुलांना सांगतो ते या आकड्यांच्या जिवावर.

एक पाऊल सावकाश टाकून बघा. टाच टेकते, मग तळवा खाली येतो, वजन बाहेरच्या कडेवरून चवड्याकडे सरकतं, टाच सुटते आणि शेवटी अंगठा जमिनीला मागे रेटतो. चाक फिरावं तसं शरीर पावलावरून पुढे जातं. यासाठी पावलात २६ हाडं, मध्ये कमान, आणि बाकीच्या बोटांना समांतर उभा राहिलेला अंगठा. माकडाचा अंगठा फांदी पकडतो, आपल्याने ते काम कधीच सोडलं.

हे नवंही नाही. टांझानियात लाएटोली इथे ज्वालामुखीच्या राखेत उमटलेली दोन पायांवर चालणाऱ्यांची पावलं १९७८ साली मेरी लीकी यांच्या चमूने उघडी केली. ती सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वीची आहेत. टाच खोल रुतलेली, अंगठा बोटांच्या ओळीत. ओल्या वाळूवरून आपण जाऊन आल्यावर मागे दिसतं, जवळजवळ तसंच.

७. टाच टेकवणारा माणूस एकटाच आहे का?

नाही. प्रश्न २ मध्ये आलेली मंडळी आहेतच. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान हे आपले जवळचे नातेवाईकही मागच्या पायाची टाच टेकवतात. आपली वानरं-माकडं मात्र चालताना टाच बहुधा किंचित वरच ठेवतात. देवळाच्या पायऱ्यांवर वानर दिसलं की प्रसादाची पिशवी घट्ट धरा आणि त्याच्या मागच्या पावलाकडे बघा.

८. जंगलात माणसाच्या अनवाणी पावलासारखा ठसा दिसला. तो अस्वलाचा असू शकतो का?

असू शकतो. मेळघाट, ताडोबा, गडचिरोली भागात तर तो विचार आधी करा. अस्वलाच्या मागच्या पायाचा ठसा पहिल्या नजरेला चांगलाच फसवतो: टाच, तळवा, पाच बोटं, सगळं जागच्या जागी.

फरक बोटांत आहे. आपलं सगळ्यात मोठं बोट आतल्या बाजूला, म्हणजे अंगठा. अस्वलाचं आतलं बोट सगळ्यात लहान असतं. त्यामुळे त्याचा डावा ठसा आपल्याला उजव्या पायाचा वाटतो. आपल्याकडच्या अस्वलाची बोटं जवळजवळ एका सरळ रेषेत उमटतात, आणि पुढच्या पायाच्या ठशात बोटांपासून बऱ्याच अंतरावर लांब नख्यांच्या खुणा दिसतात, वारुळं फोडायची हत्यारं ती. पावलाच्या आतल्या बाजूला आपल्या कमानीमुळे राहतो तसा कोरडा भागही नसतो.

हिमालयातल्या 'यती'ची गोष्ट याच फसगतीवर बरीचशी उभी आहे. अस्वल चालताना मागचं पाऊल पुढच्याच्या ठशावर अर्धवट पडलं की एकच लांबलचक, अवाढव्य पाऊल तयार होतं, आणि बर्फ वितळताना ते आणखी पसरतं. २०१७ साली यतीचे म्हणून जपलेले नऊ नमुने, म्हणजे हाडं, दात, कातडी, केस वगैरे, डीएनए लावून तपासले गेले. आठ अस्वलांचे निघाले. नववा कुत्र्याचा.

९. शेतात पंजाचा ठसा आहे, मागे मोठी गादी उमटलीय. ती टाच ना? बिबट्याचा आहे की कुत्र्याचा?

ती टाच नाही. टाच तर हवेत आहे (प्रश्न १). ती गादी बोटांच्या मुळाशी, आपल्या चवड्याच्या जागी असते.

कुत्र्याच्या ठशात नखं उमटतात, बिबट्याच्या सहसा नाहीत, कारण तो नखं आत ओढून चालतो. बिबट्याच्या गादीच्या मागच्या कडेला तीन फुगवटे दिसतात, आणि चार बोटं जरा तिरकी, एक दुसऱ्याच्या पुढे. कुत्र्याचा ठसा मधोमध घडी घातली तर दोन्ही बाजू जुळतील असा. नखं दिसताहेत म्हणून कुत्राच, असंही नाही, कारण तरसाचीही नखं उमटतात. आणि नखं दिसत नाहीत, पण ठसा दोन बोटांत मावतोय, तर ते मांजर आहे. रात्री अकराला फोन करू नका.

मोठा आणि नखांविना असेल तर फोटोत शेजारी काडेपेटी किंवा पेन ठेवा आणि वनविभागाला कळवा. पोरं घेऊन ठशांच्या मागे मागे जाऊ नका.

१०. अनवाणी किंवा चवड्यावर पळणं जास्त नैसर्गिक असतं म्हणतात. आपणही तसंच पळावं का?

ही चर्चा २०१० साली अमेरिकेतले संशोधक डॅनियल लिबरमन यांच्या अभ्यासानंतर जोरात सुरू झाली. लहानपणापासून अनवाणी पळणारे बरेचजण चवडा किंवा मधला तळवा आधी टेकवतात, तर गादीदार बूट घालणारे बहुतेक टाच, असं त्यात दिसलं. पुढे २०१३ मध्ये उत्तर केनियातल्या दासानाच लोकांवर अभ्यास झाला. तीही माणसं अनवाणीच, पण आपापल्या सोयीच्या वेगाने पळताना त्यांतले बहुतेक टाचेवर उतरत होते. म्हणजे 'नैसर्गिक' असं एकच उत्तर नाही. वेग वाढला की मात्र टाच आपोआप सुटते. शंभर मीटर धावणारा कोणीही बघा.

माझं मत विचाराल तर दुखत नसेल तर पळण्याची ढब बदलू नका. बदलायचीच असेल तर काही महिने लावून बदला, कारण टाचेचा भार काढला की तो पोटरीवर आणि त्या मागच्या दोरीवर जातो. एका रविवारात हौस फेडणारे सोमवारी जिना उतरताना कळवळतात. मीही त्यातलाच एक.

११. हत्ती कशात मोडतो? उंट, ससा, डुक्कर?

हत्तीचं पाऊल बाहेरून खांबासारखं सपाट दिसतं, पण आत हाडं चवड्यावर उभी असतात आणि टाचेखाली चरबीची जाड गादी भरलेली असते. उंच टाचेची चप्पल आतूनच बसवलेली म्हणा ना. त्या गादीत आधाराला एक जास्तीचं 'सहावं बोट' असल्याचं २०११ मध्ये दाखवलं गेलं. ते खरं बोट नव्हे, वाढलेलं छोटं हाड आहे. वजन पडलं की हत्तीचं पाऊल पसरतं, उचललं की आक्रसतं. म्हणून एवढं धूड चिखलातून पाय काढू शकतं.

उंटाला दोन बोटं आणि पुढे नखं, पण तो खुरावर चालत नाही. बोटांखालच्या रुंद मऊ गादीवर चालतो. वाळूत खूर रुतलं असतं.

ससा बसतो तेव्हा मागचा लांब तळवा टाचेसकट जमिनीवर, आणि पळतो तेव्हा बोटांवर. रानडुकराला चार खुरं असतात, त्यांतल्या मधल्या दोनांवर तो चालतो. मऊ जमिनीत मागची दोनही उमटतात, त्यावरून माग ओळखता येतो.

१२. बैलाच्या पायात खिळे ठोकून पत्री मारतात. त्याला दुखत नाही?

नीट मारली तर नाही. खुराची बाहेरची भिंत आपल्या नखासारखीच मेलेली असते, तिला संवेदना नसते. खिळा त्या भिंतीतून तिरका बाहेर काढतात. आत, जिवंत भागात गेला तर बैल लगेच लंगडतो. चांगल्या नालबंदाचा हात त्यातच कळतो. घोड्याला एका पायाला एक नाल पुरते. बैलाला बोटं दोन, म्हणून एका पायाला दोन वेगळ्या पत्र्या. चालताना ती बोटं फाकतात, एकच पत्री मारली तर ती हालचालच थांबेल.

१३. माझा मुलगा चवड्यावर चालतो. काळजी करू का?

नुकतं चालायला लागलेलं मूल अधूनमधून चवड्यावर चालतं, त्यात विशेष काही नसतं. बहुतेकांचं दोनेक वर्षांचे होईपर्यंत आपोआप सुटतं. तीन वर्षांचा झाल्यावरही तसंच असेल, एकाच पायाने असेल, आधी नीट चालत होता आणि आता सुरू झालं असेल, किंवा हाताने दाबूनही टाच खाली येत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. मुलाच्या पोटऱ्या नको तितक्या जाड वाटत असतील आणि जमिनीवरून उठताना त्याला मांडीवर हात रेटावे लागत असतील, तर थांबू नका. मी डॉक्टर नाही, यापुढचं उत्तर मला विचारू नका.

१४. उंच टाचांच्या चपला घातल्या की आपण मांजरासारखे चालतो का?

दिसायला थोडंफार, पण मांजराला टाचेखाली काठी लागत नाही. तिचा पाय त्यासाठीच घडलाय. आपण वर्षानुवर्षं तसं चाललो तर पोटरीचे स्नायू आखडतात आणि मागची दोरी कडक होते. मग सपाट चप्पल घातल्यावर उलट त्रास होतो.

१५. जयपूर फूट या कृत्रिम पायाला टाच असते, पण पाय गमावलेल्या धावपटूंच्या वाकड्या पात्याला का नसते?

कारण एक चालायचा पाय आहे आणि दुसरा पळायचा. १९६८ च्या सुमारास जयपूरमध्ये कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिशल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबराचं असं पाऊल घडवलं, ज्यावर अनवाणी चालता येईल, उकिडवं बसता येईल, चिखलात उतरता येईल. तेव्हाचे परदेशी पाय बुटात ठेवायचे असत आणि घोट्यात नीट वाकत नसत. आपल्याकडच्या शेतकऱ्याला त्यांचा काय उपयोग? सेठींना पुढे १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पळण्याचं पातं अमेरिकेतल्या व्हॅन फिलिप्स यांच्या डोक्यातून निघालं. त्यांनी स्वतः एक पाय गमावला होता. त्या पात्याचं नावच 'चीता'. प्रश्न ५ मधले ताणले जाणारे स्नायुबंध आठवा: पातं वाकतं आणि सुटतं. त्यावर वाऱ्यासारखं पळता येतं, पण शांत उभं राहणं अवघड. शर्यतीआधी हे खेळाडू सारखे जागच्या जागी पाय बदलत असतात ते उगीच नाही. टेकायला टाचच नाही.

१६. भुताचे पाय उलटे असतात म्हणतात. असा खरा प्राणी आहे का?

हा प्रश्न दर वर्गात येतो, आणि विचारणारा नेहमी मागच्या बाकावरचा असतो.

चालताना पावलं उलटी पडतात असा प्राणी मला माहीत नाही. पण आंब्याच्या खोडावरून खाली तोंड करून उतरणारी खार बघा. तिची मागची पावलं घोट्यात पार फिरलेली असतात, बोटं आणि नखं वर, शेपटीच्या दिशेला, आणि त्या नखांवर ती लटकलेली असते. जमिनीवर उडी मारली की पावलं पुन्हा पुढे. हे इतक्या झटकन होतं की मोबाइलवर स्लो मोशनमध्ये घेतल्याशिवाय दिसत नाही. घेतलंत तर मलाही पाठवा.